सगळ्यांच्या शेवटी उतरणारी

शशीताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिनंच पाठवलेला चिन्नोर तांदूळ निवडत बसले होते. गावाहून तिचा भाचा म्हणाला, "मावशी, आत्या गेली. दुपारी जेवली, पडली, अन् उठलीच नाही." खरं सांगते, आधी रडू आलं नाही, राग आला. जन्मभर जी बाई गाडीतून सगळ्यांच्या शेवटी उतरली, ती कुणाला काही न विचारता अशी मधेच उतरून गेली... आता महिना होत आला, राग बराचसा ओसरला आहे.

इथं बालाघाटात मुलींच्या वसतिगृहाची खानावळ तिनं वर्षानुवर्षं सांभाळली. मी शेजारच्या घरात राहणारी शाळामास्तरीण. ती मला 'मॅडम' म्हणायची, पण अशा सुरात की ती पदवी आहे की चेष्टा, ते कळू नये. तिच्या हातचं जेवून मोठी झालेली एक मुलगी पुढं लांबच्या एका शहरात प्राध्यापिका झाली. तिचं विद्यापीठ एकोणिसाव्या शतकातलं, त्याचा मोठा वर्धापन सोहळा ठरला आणि या पोरीनं हट्ट धरला, की एका दिवसाचं जेवण आमच्या ताईच्याच हातचं हवं. झालं! ताईनं जवळच्या राजेगावच्या स्वयंपाकिणी गोळा केल्या, तांदळाची पोती बांधली, मोठमोठी पातेली, म्हणजे आमचे गंज, झारे, सराटे घेतले, सगळ्यांची तिकिटं काढली. मला स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नाही, तरी मला नेलं. म्हणाली, "इंग्रजी बोलाले कोनी पाहिजे ना."

गोंदियाला गाडी बदलायची होती आणि ऐनवेळी फलाट बदलल्याची घोषणा झाली. पोती डोक्यावर, भांडी हातात, सगळा लवाजमा पुलावरून पळाला. कशीबशी गाडी गाठली. ताई दारात उभी राहून नेहमीसारखं म्हणाली, "कोनी राह्यलं तं नाही ना?" तर पार्वताबाई नव्हती. आमच्यातली सगळ्यात वयस्कर, वड्यांची उस्ताद, लांबच्या गाडीत पहिल्यांदाच बसणार होती. आधीच्या फलाटावर मोठ्या गंजापाशी बसवून ताईनंच तिला बजावलं होतं, इथून हलू नको. आणि ती हलली नव्हती.

गाडी सुटायच्या बेतात होती. मी म्हटलं, "ताई, उद्या एवढी माणसं जेवायची आहेत, तू उतरलीस तर आमचं काय?" ती खाली उतरलीसुद्धा होती. "तिले सोडून मी येत नाही. तुम्ही व्हा पुढं." एवढं बोलून पुलाकडे चालू लागली, मागं वळूनही पाहिलं नाही. आयुष्यातलं तिचं सगळ्यात मोठं जेवण आमच्या भरवशावर टाकून ती एका म्हातारीसाठी परत गेली.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या त्या प्रशस्त स्वयंपाकघरात बायका आधी कडाकडा भांडल्या. तांदूळ कधी भिजवायचा, वड्यांचं पीठ कुणी मळायचं, यावरून नुसती हमरीतुमरी. प्राध्यापिका बिचारी दारात उभी, चेहरा पांढराफटक. शेवटी मीच विचारलं, ताई असती तर काय म्हणाली असती? एक जण म्हणाली, "आधी च्या प्या म्हनली असती." सगळ्या हसल्या. चहा झाला, आणि मग कामाला जे हात लागले ते पंगत बसेपर्यंत थांबले नाहीत. वड्यांना आकार असा नव्हताच, पण भात मोकळा झाला होता.

पहिली पंगत बसत असताना ताई आणि पार्वताबाई मागच्या गाडीनं येऊन पोचल्या. मधे तो गंज, दोन्ही कानांना धरलेला. प्राध्यापिकेनं तो ठेवायला लावला आणि दोघींना पाहुण्यांच्या ओळीत बसवलं. ताईनं पहिला घास घेतला. आमचे जीव टांगणीला. "मीठ कमी हाय," ती म्हणाली आणि पुन्हा भात मागून घेतला. पार्वताबाई वडा खाऊन एवढंच बोलली, "हे वडे माहे नाही. पर चांगले हाय." परतीच्या वाटेवर गोंदिया मागं पडल्यावर ताई म्हणाली, "माह्याबिना जमलं तुमचं." त्यात थोडा रुसवा होता, आणि पुष्कळ समाधान. बालाघाटला सगळ्या उतरल्या तरी ती डब्यातच. प्रत्येक बाकाखाली वाकून पाहिलं, "आपले सगळे उतरले," असं स्वतःशीच म्हणाली आणि मग खाली पाय ठेवला.

तेरवीचा स्वयंपाक त्याच बायकांनी केला, बसनं येऊन, कुणी न बोलावता. यावेळी कुणी भांडलं नाही, आणि मला ते अजिबात आवडलं नाही. जमलं मात्र सगळं, तिच्याविना.

परवा गोंदियाहून परतले. स्टेशन आलं, लोक उतरले, आणि माझं मलाच कळायच्या आत मी वाकून बाकाखाली पाहत होते. समोरच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "आंटी, कुछ छूट गया क्या?"

"नहीं बेटा," मी म्हटलं, "हमारे सब उतर गए."