ते विचारतील

"मी नाही विचारून राहिलो, मॅडम. ते विचारतील." प्रत्येक अवघड प्रश्नानंतर सर एवढंच म्हणायचे आणि चष्मा काढून रुमालानं पुसत बसायचे. चष्मा स्वच्छच असायचा.

कॉलेजात नोकरी केलेल्यांना हा प्रकार ठाऊक आहे, इतरांसाठी सांगते. दर काही वर्षांनी बाहेरून एक समिती येते, कॉलेज तपासते आणि ग्रेड देते. ग्रेड घसरली की अब्रू जाते आणि मागोमाग ॲडमिशनही जातात. म्हणून खऱ्या समितीआधी एक खोटी समिती बोलवायची, रंगीत तालीम म्हणून. आमच्या नांदेड-लातूर पट्ट्यात या तालमीला सरांना हमखास बोलावणं असायचं. निवृत्त प्राध्यापक. नांदेडहून एस.टी.नं यायचे. शाल पुढं केली की म्हणायचे, "ती खऱ्यांसाठी ठेवा."

आमचं कॉलेज औशाच्या पुढं. गुणवत्ता कक्ष माझ्या गळ्यात मारलेला. म्हणजे वर्षभर फायली आणि फोटो. झाड एकच लावायचं, पण फोटो चारी बाजूंनी काढायचे. तुम्ही पाहिले असतीलच तसले फोटो.

सर आले ते केबिनमध्ये टेकलेसुद्धा नाहीत. सरळ मुलींच्या स्वच्छतागृहाकडं निघाले. प्राचार्य मागं मागं.

"सर, आधी चहा तर घ्या. प्रेझेंटेशन तयार हाय."

"चहा कुठं पळून चाललाय?" सर दाराबाहेर थांबले आणि माझ्याकडं वळले. "मॅडम, तुम्ही आत जा. कडी लावा आणि आवाज द्या."

इतकी वर्षं शिकवते, असलं काम मला कुणी सांगितलं नव्हतं. गेले. कडी होती, पण ती अडकवायचा कोयंडा निघून पडलेला. नळ कोरडा. मी आतूनच ओरडले, "सर, लागत नाही." बाहेर प्राचार्यांनी घसा खाकरला.

मग विद्यार्थ्यांशी संवाद. आम्ही निवडून बसवलेली, उत्तरं पाठ करून आलेली मुलं. सरांनी ग्रंथालयाचं नाव काढलं नाही. पुढच्या बाकावरच्या मुलीला म्हणाले, "बाळ, सकाळपासून पाणी प्यालीस का?"

ही मुलगी आतल्या खेड्यातून पहिल्या गाडीनं यायची. बी.एस्सी.ची, वर्गात सगळ्यात हुशार.

"न्हाई सर. घरी गेल्यावरच पिते."

"का बरं?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी 'सांग' म्हणून मान हलवली. "हितं जायची सोय न्हाई, सर. दुपारपर्यंत कसं तरी निभतं, मग आम्ही घरी निघून जातो. प्रॅक्टिकल तर दुपारीच आसतं. पुढल्या वर्षी मी सायन्स सोडून आर्ट्स घेणार हाय."

दुपारी मुली निघून जातात त्याला आम्ही 'घरची कामं' असं कारण लावून मोकळे झालो होतो.

शेवटच्या बैठकीत सर म्हणाले, "फायली झकास आहेत. पण ते आधी तिकडं जातील. कडी लावून पाहतील, मुलींना पाण्याचं विचारतील. तुमची ग्रेड तिथंच जाणार." प्राचार्यांचं तोंड उतरलं. हाच विषय मी बैठकीत काढायची तेव्हा निधी नसायचा. ग्रेडचं नाव निघालं आणि निधी आला. स्वागतकमान रद्द झाली. आठवड्याभरात टाकी, नळ, कडी, सगळं झालं.

खरी समिती आली. प्राचार्यांनी त्यांना मोठ्या हौसेनं दोनदा तिकडं वळवायचा प्रयत्न केला. अध्यक्ष म्हणाले, "राहू द्या, प्रेझेंटेशन पाहू." मुलींना विचारलं ते प्लेसमेंटचं. पाण्याचा विषयच निघाला नाही.

ग्रेड चांगली मिळाली. मी सरांना फोन केला, जरा रागातच. "सर, त्यांनी तर काहीच विचारलं नाही."

"कधीच विचारत नाहीत, मॅडम." ते हसले. "इतक्या कॉलेजांत गेलो, एकदाही कुणी विचारलेलं ऐकलं नाही. पण माझ्या सांगण्यानं कोण कडी बसवतंय? त्यांच्या भीतीनं बसवतात." मग म्हणाले, "ती पोरगी दुपारी थांबते का?"

"थांबते, सर."

"मग झालं की."

मुलगी आता लातूरला एम.एस्सी. करते. सर मागच्या उन्हाळ्यात गेले. बातमी एका व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली, खाली हात जोडलेल्यांची रांग. फार वाईट वाटलं. ज्या मुलींसाठी हा माणूस आयुष्यभर खोटं बोलला, त्यांना त्याचं नावही ठाऊक नाही.

हल्ली तालमीला मला बोलावतात. परवा असंच एका कॉलेजात गेले. चहा ठेवून उठले, आत जाऊन दार ओढलं. कडी लागेना. बाहेरून प्राचार्यांचा आवाज आला, "मॅडम, समिती हे पण विचारते?"

"विचारतील," मी आतूनच सांगितलं.