नानांचा मॉनिटर

तिसऱ्या कडव्याला मृदंग मागे पडला. फार नाही, अर्ध्या मात्रेने. मी सभागृहाच्या मागच्या भिंतीशी साऊंड मिक्सरवर होतो. आधी वाटलं, माझाच कान चुकतोय. मग नाचणाऱ्यांच्या पायांकडे पाहिलं. बारांपैकी निम्मे जण शाहिराच्या शब्दावर पाय टाकत होते आणि निम्मे मृदंगावर. बारा पायांतली घुंगरं एरवी एका झटक्यात वाजतात. आता पत्र्यावर खडी ओतल्यासारखं वाजत होतं.

माझा रत्नागिरीत साऊंडचा धंदा आहे, गोडाऊन मिरजोळ्याला. लग्न, सभा, भजन, नमन, सगळीकडे माझे स्पीकरचे डबे जातात. पण त्या दिवशीची जाखडीची स्पर्धा माझ्या मानाची होती. ज्यांनी जाखडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाणारे आणि वाजवणारे मधोमध बसतात आणि नाचणारे त्यांच्याभोवती रिंगण धरतात. उजव्या पायात घुंगरं. आमच्याकडे बाप-आजापासून असंच चाललंय.

साऊंडवाल्याच्या दृष्टीने ही रचना म्हणजे डोकेदुखी. माईक मधोमध, भोवती बारा जणांची धमधम, शिवाय पायात वायरी. मागच्या वर्षी परीक्षक म्हणाले होते की घुंगरांच्या आवाजात शब्दच कळत नाहीत. ते माझ्या जिव्हारी लागलं होतं. म्हणून यंदा मी डोकं चालवलं. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना रिंगणातून काढलं आणि स्टेजच्या डाव्या बाजूला एका चौथऱ्यावर बसवलं. तोंडं प्रेक्षकांकडे, पुढे शाहीर, त्याच्या पाठीमागे मृदंग आणि झांज. नाचणारे आणि चौथरा यांच्यामध्ये फोमचे काळे पडदे, उभ्या माणसाच्या छातीएवढे. चौथऱ्याखालीसुद्धा जाड फोम घातला, म्हणजे लाकडी स्टेजची थरथर माईकमध्ये येणार नाही. संयोजक मॅडमना सेटिंग दाखवलं. त्या खूश झाल्या. मी तर काय, हवेतच होतो.

सकाळी एकच माणूस नाखूश होता. शाहीर सुरेश. ज्या वाडीच्या मंडळाचं साऊंड मी अकरा वर्षं करतोय, त्यांचा हा शाहीर. मृदंगावर त्याचे चुलते गणपतनाना, सत्तरीचे. आयुष्यभर बोटीवर होते, इंजिनरूममध्ये. रिटायर होऊन गावी आले आणि पुन्हा मृदंग धरला. हात असा की बोट उचललं की पुढचं बोट कुठे पडणार ते ऐकणाऱ्याला आधीच कळावं.

सुरेश म्हणाला, "दादा, नाना माज्या समोर बसतात. तसंच ऱ्हाऊं दे."

मी म्हटलं, समोर बसवले तर लोकांना त्यांची पाठ दिसेल, स्पर्धेत तसं चालत नाही. तो काहीतरी बोलणार होता. पण नाना आमच्या जवळच उभे होते. सुरेशने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि गप्प बसला. नानांनी मला नेहमीसारखा अंगठा दाखवला. मीही दाखवला.

तर मृदंग मागे पडला तेव्हा मला वाटलं, नानांचा मॉनिटर कमी पडतोय. मॉनिटर म्हणजे कलाकाराकडे तोंड करून ठेवलेला लहान स्पीकर. गाणाऱ्याचा आवाज वाजवणाऱ्याला नीट ऐकू जावा म्हणून तो लागतो. मी नानांचा मॉनिटर थोडा वाढवला. फरक नाही. आणखी वाढवला. मृदंग आता एक मात्रा मागे होता आणि नाना मान उंच करून शाहिराच्या पाठीवरून काहीतरी शोधत होते. मी घाईत बटण आणखी पुढे ढकललं.

आणि शिट्टी बसली. धंद्यात आम्ही तिला फीडबॅक म्हणतो. स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरतो, तिथून पुन्हा स्पीकरमध्ये, असं गरगरत जाऊन कानाला भोकं पाडणारी किंकाळी उठते. ती नेमकी नानांच्या मॉनिटरमधून उठली. सगळ्या सभागृहाने कानांवर हात ठेवले. परीक्षक खुर्चीत मागे सरकले. सुरेशचं गाणं तुटलं. झांजवाल्याने झांजा खाली टाकून कान धरले.

नाना वाजवत होते.

मॉनिटर त्यांच्या गुडघ्यापासून हातभर होता. त्यांची पापणीसुद्धा हलली नाही. ते शांतपणे वाजवत होते आणि शाहिराची पाठ बघत होते.

मी आवाज कधी बंद केला ते आठवत नाही. अकरा वर्षं! अकरा वर्षं दर कार्यक्रमाआधी मी या माणसाला विचारत होतो, नाना, मॉनिटर ठीक आहे का, आणि तो अंगठा दाखवत होता. एकदा तर तो स्पीकर बंद पडलेला मला कार्यक्रम संपल्यावर कळलं होतं. तेव्हाही अंगठाच. त्यांचा मृदंग नेहमी सुरेशच स्वरात लावून द्यायचा, मला वाटायचं पुतण्या चुलत्याची सेवा करतोय. कानावर पोट भरणारा मी, आणि समोरच्याला ऐकू येत नाही हे मला कळलं नव्हतं. नाना शाहिराच्या ओठांवर वाजवत होते, नाचणाऱ्यांच्या पायांवर, फळ्यांमधून मांडीला लागणाऱ्या थरथरीवर. त्या दिवशी मी त्यांच्यापासून हे सगळं एकाच वेळी काढून घेतलं होतं. आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

मी धावलो. स्पर्धा चालू असताना स्टेजवर चढायचं नसतं. मी चढलो आणि फोमचे पडदे लाथेने बाजूला केले. सुरेशला काही सांगावं लागलं नाही. तो उठला, प्रेक्षकांकडे पाठ केली आणि नानांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला. नाचणारे आपणहून चौथऱ्याभोवती आले. पुढची दोन मिनिटं अशी झाली की माईक बंद असतानाही शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेली असतील. मग वेळ संपल्याची घंटा वाजली.

मॅडम संतापल्या. तुम्ही स्टेजवर का चढलात, म्हणाल्या. खरं कारण माझ्या जिभेवर आलं होतं. पण मंडळातले सगळे माझ्याकडे बघत होते, आणि ते कसे बघत होते त्यावरून मला दुसरा धक्का बसला. वाडीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. फक्त मला नव्हतं.

"बिघाड माझ्या सिस्टिमचा होता, चूक माझी," मी म्हणालो. त्यात खोटं काही नव्हतं. मंडळ स्पर्धेतून बाद झालं ते झालंच.

बाहेर नाना टेम्पोच्या फाळक्यावर बसून मृदंगाला गवसणी घालत होते. मी त्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो आणि प्रथमच ओठ नीट हलवून बोललो. चुकलो म्हणालो.

"तू कशाला चुकतस, बाबू," ते म्हणाले. "कान मी बोटीवरच ठेवून आलो. लोकांनी आज बगितलं ना, बस झालं. आता दुसरा मृदंगवाला बगा."

गौरी-गणपतीला तीन आठवडे राहिले असताना सुरेशचा फोन आला. नाना मृदंगाला हात लावत नव्हते. दुसरा माणूस आणून पाहिला, पण नाचणाऱ्यांचे पायच उचलत नव्हते. तुमीच या, तो म्हणाला.

मी गेलो. नाना घरापुढच्या खळ्यात बसले होते. समजूत वगैरे मला घालता येत नाही. मी टेम्पोतून स्टँड, माईक आणि वायरी काढल्या, त्यांच्यासमोर ठेवल्या आणि म्हटलं, "नाना, तुम्ही सांगा, कुठे काय लावू?"

त्यांनी सुरेशला हाताने समोर बसायला सांगितलं. मी नेहमीसारखा त्याच्या तोंडासमोर माईक लावला. नाना पुढे वाकले, त्यांनी स्टँड धरला आणि चार बोटं उजवीकडे सरकवला. सुरेशला म्हणाले, म्हण. त्याने एक ओळ म्हटली. नाना त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"हां," ते म्हणाले. "अकरा वर्स त्यो दांडा बराबर त्याच्या तोंडावर आडवा यायचा."

"मग सांगितलं का नाही?"

"तू इचारायचास आवाज ठीक हाय का. आवाजाचं मला काय ठाव?"

त्यांनी मृदंग मांडीवर ओढून घेतला.

त्या गौरीला जाखडी रिंगणातच झाली. मृदंगावर नाना होते. घुंगरांच्या आवाजात काही शब्द बुडाले, कोणी तक्रार केली नाही. आता साऊंडचेकला मी कलाकारांना आधी विचारतो, एकमेकांची तोंडं दिसतात का. आवाजाचं नंतर विचारतो. नानांचा मॉनिटर मात्र मी आणणं बंद केलं. टेम्पोत तेवढीच जागा झाली.