सातव्या बुरुजातली आई

काका हुबळी स्टेशनात नोकरीला होते. पुण्याच्या गाडीने येणारी मुलांची पुस्तकं त्यांना तिथे मिळत, आणि धारवाडला घरी येताना ते एखादं आमच्यासाठी घेऊन येत. आमच्यासाठी म्हणजे मी आणि शेजारची माझी मैत्रीण, दोघींत मिळून एक. एका पुस्तकाला दोन मालकिणी केल्या की काय होतं, हे त्या ब्रह्मचारी माणसाला कसं कळावं!

त्या वर्षी सात भागांची एक गोष्ट निघाली होती. एका जादूगाराने धनगराच्या पोराची आई सात बुरुजांच्या किल्ल्यात कोंडून ठेवलेली. पोरगा उडत्या पाटावर बसून तिला सोडवायला निघतो, सोबतीला एक तोंडाळ घोरपड. दर भागात एक बुरूज पडायचा. आम्ही घरातल्या पाटांवर बसून बरंच काही करून पाहिलं. एक पाट फुटला, उडाला मात्र कुठलाच नाही.

मैत्रीण कानडी घरातली. मराठी ती आमच्या अंगणातच शिकली आणि माझ्यापेक्षा भरभर वाचायची. हे मी त्या वेळी जीव गेला तरी कबूल केलं नसतं. तिसरा भाग मिटताना ती सहज म्हणाली, "आयीसाठी केवढं करायलाय बघ पोरगा."

"आयी नव्हे, आई."

"तेच की."

तेच कसं असेल? धारवाडच्या कानडीत आयी म्हणजे आजी. म्हणजे तीन बुरूज पडेपर्यंत ही बया समजत होती की तो आजीला सोडवायला निघालाय! मी पोट धरधरून हसले. मग तिला नीट समजावलं, की मराठीत आई म्हणजे अव्वा, जन्म देणारी.

"असं होय? मग तू तुझ्या अव्वाला काय म्हणतेस?"

"वहिनी," मी म्हटलं. काका म्हणत, म्हणून आम्ही सगळी भावंडं तसंच म्हणत होतो.

"आणि तुमच्यात आई कुणाला म्हणतात?"

नेमक्या त्याच वेळी स्वयंपाकघरातून आमच्या आजीची हाक आली. बाबा तिला आई म्हणत, म्हणून आम्हीही आईच म्हणायचो. "आले, आई!" असं मी ओरडले मात्र, आणि माझी जीभ मीच चावली. त्यानंतर दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. बरोबर असून हरण्यासारखा संताप दुसरा नाही.

पुढे प्रत्येक भागाला भांडण, कोंडलेली ती आई की आयी. त्या पोराला पाळण्यात कुणी जोजवलं, असं मी विचारलं की ती म्हणायची, "मला कुणी जोजवलं? आयीनंच की." तिची आई ती तान्ही असतानाच गेली होती. तिला आणि तिच्या थोरल्या भावाला आयीनेच वाढवलं. तो भाऊ एक दिवस नाटक कंपनीबरोबर पळाला. सामानाच्या गाडीवर बसलेला त्याला कुणीतरी रायापूरपर्यंत पाहिलं होतं, पुढे पत्ता नाही. आणि ही पोरगी प्रत्येक भाग आयीला कानडीत वाचून दाखवत होती, आजीला सोडवणाऱ्या नातवाची गोष्ट म्हणून.

हे कळल्यावर मी म्हणाले, शेवटचा भाग मीच वाचणार, कानडीत, आणि 'अव्वा' असा स्पष्ट उच्चार करून. होऊन जाऊ दे दूध का दूध, पानी का पानी.

"वाच की," ती म्हणाली. "तुला जमलं तर सगळे भाग तुझे. नाही जमलं तर माझे."

मला न जमायला काय झालं होतं? कानडी मला तिच्याइतकीच येत होती.

सातवा भाग आला त्या दुपारी आयी सोप्यात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मैत्रीण खांबाला टेकून गालात हसत होती. मी वाचू लागले. प्रत्येक वाक्यागणिक आयी विचारायची, "मुंद?" म्हणजे पुढे? पोरगा किल्ल्यात शिरला. मुंद? घोरपडीने पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवलं. मुंद? पोराने सातव्या बुरुजाचं दार फोडलं. आयीचे हात थांबले. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती आपल्या घराच्या उघड्या दाराकडे बघत होती.

आत अंधार होता, मी वाचलं. पोराने हाक मारली.

"मुंद?"

पुस्तकात पुढचा शब्द ठळक छापला होता. मला फक्त 'अव्वा' म्हणायचं होतं. त्यासाठी मी चार भाग दम धरला होता. मैत्रीण आता हसत नव्हती. माझ्या तोंडाकडे डोळे लावून ती ताठ उभी होती. मला एकदम तिची भीती वाटली, आणि आयीची फार दया आली.

मी तो शब्द कानडीत केलाच नाही. छापला होता तसाच वाचला. "आई!"

आयीने पदराने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि पुन्हा शेंगांना हात घातला. थोड्या वेळाने ती कानडीत म्हणाली, "त्या बिचाऱ्याला सात दारं फोडावी लागली. आमच्याला कुणी सांगा, इथल्या दाराला साधी कडीसुद्धा लावत नाही मी."

बाहेर अंगणात आल्यावर मी मैत्रिणीला बजावलं, की मी काही हरले नाही, जे छापलंय तेच वाचलं. आणि आई म्हणजे अव्वाच.

"हूं," ती म्हणाली आणि हात पुढे केला.

मी घरात गेले आणि सातही भाग आणून तिच्या हातात दिले.