सेनापतीण आणि नावाडी यांचे नाते

माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले असले, तरी बारामतीच्या कचेरीबाहेर बसून मी लिहिलेल्या अर्जात आजवर एकाही साहेबाला खोट काढता आलेली नाही. म्हणूनच शेजारच्या टेबलावर मुद्रांक विकणाऱ्या बाईंनी आपली कादंबरी संगणकावर उतरवण्यास माझ्याकडे दिली, असे मी समजत होतो. बाई पणदऱ्याच्या. त्यांचे यजमान घरच्या गाई सांभाळतात. बारा वर्षे आम्ही शेजारी बसतो आणि दुपारी डबा वाटून खातो.

कादंबरीत राक्षस, उडते घोडे व सात पर्वत होते. एक सेनापतीण गावे जाळीत निघते. नदीवर एक नावाडी तिला अडवतो आणि बजावतो, की जाळलेल्या घरांवर आधी छप्पर घाल, मगच पैलतीरी नेईन. ती त्याच्यावर तलवार उपसते. पुढे त्याच्याच सोबतीने छपरे घालत शहाणी होत जाते आणि हाती लागलेल्या राक्षसालाही सोडून देते. शत्रूला सोडणारा वीर मला पटला नाही, तरी तो मजकूर मी जसाच्या तसा उतरवला. अडचण शेवटच्या पानाची होती. युद्ध संपल्यावर दोघे नदीकाठी भाकरी खातात आणि आपापल्या घरी जातात. एवढेच.

अर्जाच्या शेवटी मागणी नसेल, तर साहेब विचारतो, तुम्हाला हवे तरी काय? त्यातून समोरच्या टपरीचा चहावाला रोज बाईंकडे पाहून हसे आणि मला विचारी, "भाऊसाहेब, तुमच्या गोष्टीतल्या राणीचं लगीन कुणासंगं?" कथेतले नाते एकदा रीतसर झाले म्हणजे त्याचे तोंड बंद होईल, या सद्हेतूने मी एक परिच्छेद वाढवून दोघांचा विवाह लावला, आणि तसे त्याला सांगितलेही.

प्रकाशकाकडे पाठवण्याच्या दिवशी बाईंनी ते पान वाचले. त्यांनी ते टेबलावर पालथे ठेवले. मग म्हणाल्या, "बारा वर्षं डबा वाटून खातोय आपण. आपल्याबद्दल बी तुमच्या मनात ह्योच निकाल हाय व्हय?"

मी नाही म्हणालो. पण मग काय आहे, ते सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी त्यांचे टेबल फाटकापाशी दिसले. इंदापूरच्या कचेरीत बदलून जागा मागणार असल्याचे त्यांनी कुणाला तरी सांगितले होते. मी माफीनामा लिहावयास बसलो. इतरांचे शेकडो लिहिले आहेत. येथे मात्र 'सदर बाई माझ्या' या शब्दांपुढे लेखणी सरकेना. शेजारी म्हणावे तर कमी, बहीण म्हणावे तर खोटे. तीन कागद फाडले. अखेर तो परिच्छेद काढून पान पुन्हा छापले आणि त्यांच्यापुढे ठेवले.

"मग ती दोघं एकमेकांची कोण?" मी विचारले. मला खरोखर कळत नव्हते.

"सोबती."

"बस?"

"कमी वाटतं व्हय तुमाला? ती छपरं कुणी घातली?"

"दोघांनी."

"मग?"

मी टपरीवर गेलो आणि लोकांसमोर चहावाल्याला सांगितले, की लग्नाचे पान बाईंचे नव्हते. ते मी घुसडले होते आणि ते चूक होते. तो हसायचा तो हसलाच.

परत आलो तेव्हा बाईंनी मुद्रांक पिशवीत भरले होते. "त्या बाजूनं धरा," म्हणाल्या. आम्ही टेबल उचलून जुन्या जागी आणले. त्यांनी मला क्षमा केली, की त्यांना केवळ उचलू लागण्यास माणूस हवा होता, याचा उलगडा मला अद्याप झालेला नाही. आणि विचारावे तर कोणत्या शब्दांत, तेही सुचत नाही.