माळढोकाच्या गळ्यात हार

मुंजाबा तापट, हे अख्ख्या बजाजनगरला ठाऊक. नळाला पाणी उशिरा आलं तर हा गडी नळालाच शिव्या घालायचा. पण बापाला घ्यायला स्टँडवर गेला अन् घरी परतला, त्या दिवशीच्या रागापुढं बाकीचे राग म्हणजे लेकरांचं रुसणं!

धनगराचं पोर. शाळेत असताना पोष्टमनच्या मागं लागून पाकिटांवरची पाखरांची तिकिटं सोडवून घ्यायचा. वाळूजच्या कंपनीतून रिटायर झाला अन् तीच तिकिटं परातीएवढी करून रंगवू लागला. कडेचे दातरे, टपालाचा काळा शिक्का, सगळं तसंच. नीळकंठ, धनेश अन् माळढोक. माळढोक बापासाठी, बिरूबासाठी. त्याची सारी हयात मेंढरांमागं माळावर गेली. माळावरनं ते पाखरू गेल्यापासून म्हातारा त्याचीच याद काढायचा. आता नजरही चालली होती. ती जायच्या आत त्याला माळढोक दाखवायचा, एवढाच मुंजाबाचा हट्ट.

चित्रं गुलमंडीत फ्रेमवाल्या फकिराकडं दिली. "आता ही कुठं दिसत नाहीत. बा बघायला येणार हाय, नीट बसव," एवढंच सांगितलं. फकिरानं जन्मभर देव अन् मयत माणसंच काचेत बसवलेली. मुंजाबा स्टँडवर गेला तवर त्यानं स्वतः येऊन फ्रेमा भिंतीला ठोकल्या.

मुंजाबा बापाला धरून दारात आला, तर तिन्ही पाखरांच्या गळ्यात चंदनाचे हार! खाली उदबत्ती. शेजारची आशाबाई डोक्यावर पदर घेऊन हात जोडून उभी, बाजूला फकिरा.

"कोण वारलं रं?" बिरूबानं विचारलं.

मुंजाबाचं टाळकंच सरकलं. "फकिरा! माझी पाखरं मारलीस व्हय रं?"

"तूच म्हणलास, आता दिसत नाहीत! मंग काय कुंकू लावू त्यास्नी? हार माझ्या पदरचे हायेत, वर मलाच बोलतूस?"

"अन् दातरे कुठं गेले? फ्रेमच्या पट्टीखाली दाबलेस! रात रात जागून एकेक दात काढला म्या!"

"उंदरानं कुरतडल्यावानी दिसत व्हतं ते! झाकलं, उपकार केले!"

"उपकार? तुझ्या अकलेलाच घाल तो हार!"

आशाबाईनं हळूच पदर खाली घेतला. मुंजाबानं नीळकंठाचा हार ओढून फेकला, धनेशाचा तोडला. माळढोकापाशी मात्र हात अडखळला. त्यानं स्वतः तरी जिता माळढोक कुठं पाहिला होता?

"थांबलास कामून?" बिरूबा म्हणाला. "कुणी माती दिली त्याला? म्या तर न्हाय दिली. काढ."

हार निघाला. म्हातारा काठी टेकत पुढं सरकला, काचेला नाक लागेस्तोवर. मागं पुन्हा जुंपली. फकिरा म्हणे माझी हातोडी दे, म्या चाललो, मुंजाबा म्हणे आधी पट्टी उचकट.

"हळू बोला रं," बिरूबा मागं न बघता म्हणाला, "उडंल ना ते."

दोघं मग पार अंधार पडेस्तोवर कुजबुजत भांडत राहिले.