पूर्वेचा जिना

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दहा नंबरच्या मार्केटमध्ये भाजी घेत होते. वहिनी एवढंच म्हणाल्या, "नलू, ये गं." हातातली मेथीची जुडी परत ठेवली आणि ऑटो केली. तसं अनपेक्षित काही नव्हतं. बरगड्या मोडल्यापासून दादाला पुरा श्वास घेता येत नव्हता. छातीत पाणी झालं होतं, डॉक्टर आमची नजर चुकवायला लागले होते. आज त्याला जाऊन दीड महिना झाला, तरी लोक एकच प्रश्न विचारतात... सत्तरी ओलांडलेला माणूस गाण्याच्या कार्यक्रमाच्या गर्दीत करत काय होता? त्यांना दर वेळी काहीतरी अर्धवट सांगून मी दमले आहे. म्हणून हे सगळं एकदाच लिहिते.

अनंत माझा मोठा भाऊ, घरादाराचा दादा. राज्याची राजधानी नागपुरातून भोपाळला आली तेव्हा बाबा आपल्या कचेरीबरोबर आले, आणि आम्ही दोघं टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो. दादा सिव्हिल इंजिनिअर झाला. इमारतींचे आराखडे करणाऱ्या एका खासगी कचेरीत त्यानं सारी नोकरी काढली. गॅसगळतीच्या त्या डिसेंबरात तो स्टेशनजवळ एका मित्राकडे मुक्कामाला होता. तिथून पायी घरी आला, अंघोळ केली आणि दोन दिवस कुणाशी बोलला नाही. पुढे कितीतरी वर्षांनी एकदा म्हणाला, "एका गल्लीचं तोंड अरुंद होतं, नलू. मागच्यांना ते दिसत नव्हतं." त्या डिसेंबरानंतर सिनेमाला गेलो की तो कडेची खुर्ची घ्यायचा, आणि लग्नात जेवणाआधी हॉलला एक फेरी मारून यायचा. आम्ही त्याची थट्टा करायचो.

निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली असताना त्याच्या कचेरीकडे शहराबाहेरच्या फुटबॉल स्टेडियमचं काम आलं. भोपाळ हॉकीचं गाव. इथं एवढं मोठं फुटबॉलचं स्टेडियम कशाला, असं सगळेच म्हणत. दादाला मात्र लहान मुलासारखा आनंद झाला होता. जेवणाच्या टेबलावर कागद पसरून तो मला समजावायचा. मैदानाभोवती दुमजली सज्जे, वर पोलादी कमानींवर तोललेलं छत, उन्हं मावळताना एकाही प्रेक्षकाच्या डोळ्यांवर येणार नाहीत असा कोन. "बसवणं सोपं असतं गं," तो म्हणायचा. "माणसं दोन तासांत हळूहळू येतात आणि उठतात मात्र सगळी एकदम. मी ते आठ मिनिटांत रिकामं करून दाखवणार आहे." पूर्वेच्या वरच्या सज्ज्यातून उतरणारा रुंद जिना आणि त्याच्या पायथ्याशी बाहेरच्या बाजूला उघडणारे तीन दरवाजे, यांवर त्याचा विशेष जीव होता.

ते स्टेडियम पुरं झालं, उद्घाटनाची मॅच झाली, पेपरात रंगीत फोटो आले. आम्ही सगळे गेलो होतो. मॅच चालू असताना दादा उठून गेला. मी मागोमाग गेले, तर जिन्याच्या पायथ्याशी उभा. तीन दरवाज्यांपैकी दोन तिथं नव्हतेच. त्यांच्या जागी खाण्यापिण्याचे गाळे होते, आणि उरलेल्या एकाला गोदामासारखं लोखंडी शटर. मला वाटलं, याला न विचारता बदललं. तसं मी म्हटलंही. तो शटरची रुंदी पावलांनी मोजत राहिला. मग दोन आठवड्यांनी घरी आला, चहा तसाच निवू दिला आणि म्हणाला, "नलू, तो बदललेला नकाशा माझ्या सहीनं पास झालाय."

"सगळ्यांनीच सह्या केल्या असतील ना?"

"केल्या. पण तो जिना किती माणसांचा आहे, हे त्यातल्या एकालाच ठाऊक होतं."

मॅचची तारीख जाहीर झाली होती, वरून घाई होती, दरवाजे पुढे पुन्हा फोडून देऊ असा शब्द मिळाला होता. त्यानं कारणं सांगितली, पण स्वतःला सोडवण्यासाठी नव्हे... एखाद्या पडलेल्या इमारतीची पाहणी करावी, तशी एकेक बाजूला ठेवत सांगितली. शब्द अर्थातच कुणी पाळला नाही. निवृत्तीनंतर त्यानं अर्ज केले, कचेऱ्यांत खेटे घातले. "अब तक कुछ हुआ क्या, साहब?" असं एका अधिकाऱ्यानं त्याला हसून विचारलं. काही झालं नव्हतं, हे खरंच होतं.

मग तो तिथं जायला लागला. फुटबॉलला गर्दी फारशी नसायची. पण त्या मैदानावर काय काय व्हायचं... पोलीस भरतीची दौड, राजकीय सभा, बाबा-महाराजांच्या कथा-प्रवचनांचे सोहळे, गाण्याचे कार्यक्रम. जो कार्यक्रम मोठा, त्याचं तिकीट दादा काढायचा आणि खुर्चीवर न बसता पूर्वेच्या जिन्याखाली शटरजवळ उभा राहायचा. वहिनी आधी चिडल्या, मग रडल्या, मग डबा भरून द्यायला लागल्या. शटरवर यूसुफभाई नावाचे गार्ड होते. दोघांची मैत्री झाली. "साहब को मैच से मतलब नहीं," ते मला म्हणाले, "ये तो ज़ीने को देखने आते हैं." काही दिवसांनी दादाच्या घरून फोन आला की पहिली घंटी पुरी व्हायच्या आत मी तो उचलायचे. तो कशाची वाट पाहत उभा राहतो, हे मला कळलं होतं. ते कधीच घडू नये म्हणून तो तिथं होता. पण तो तिथं आहे म्हणजे ते घडणारच, असंही मला वाटायला लागलं होतं.

यंदा चैत्रात एका मोठ्या गायकाचा कार्यक्रम होता. हट्टानं मीही बरोबर गेले. दुपारपासून आभाळ पिवळं पडलं होतं, वारा अजिबात नव्हता. मैदानावर प्लायवूड अंथरून खुर्च्या मांडलेल्या पाहिल्या तेव्हा दादाचा चेहरा उतरला. "मैदानात माणसं बसतील, हे मी धरलंच नव्हतं," तो म्हणाला. फुकटे आत घुसू नयेत म्हणून यूसुफभाईंनी शटर कमरेइतकं खाली ओढलं होतं. कार्यक्रम सुरू झाला. सहाच्या सुमारास वावटळ आली आणि तिच्यामागून गारा, तशी मैदानातली माणसं सज्ज्यांच्या छताखाली धावली. वीज गेली. गाणं मध्येच तुटलं आणि त्या शांततेत छताचा एक पत्रा सुटून कमानीवर आपटायला लागला. वर कोणीतरी ओरडलं. मग अख्खा जिना आतून घुमला.

"यूसुफ़भाई, खोलो."

"साहब, ऑर्डर नहीं है. सुपरवाइज़र आएगा तभी..."

दादानं आवाज चढवला नाही. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ये ज़ीना मैंने बनाया है. मैं कह रहा हूँ, खोलो."

यूसुफभाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि साखळी ओढायला घेतली. शटर कुरकुरत इंचाइंचानं वर जात होतं. दादानं मला बाहेर ढकललं आणि स्वतः उलटा जिन्यात शिरला. पहिल्या वळणावर कठड्याला पाठ लावून, हात पसरून उभा राहिला. "धीरे, बेटा, धीरे... दरवाज़ा खुल रहा है, धक्का मत दो..." मला त्याचे पांढरे केस दिसत होते, मग दिसेनासे झाले. माणसं बाहेर पडत राहिली, ओली, रडणारी, एकमेकांना हाका मारणारी. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. शेवटी जिना रिकामा झाला तेव्हा तो वळणावर बसलेला होता, चष्मा नाही, एक हात छातीवर दाबलेला.

"कोणी पडलं का?"

"नाही, दादा."

"वरपर्यंत जाऊन बघून ये."

मी गेले. चपला होत्या, पाण्याच्या बाटल्या होत्या, माणूस एकही नव्हता. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या, वादळामुळे कार्यक्रमात किरकोळ गोंधळ.

हॉस्पिटलमध्ये त्यानं मला एक पत्र सांगितलं. मी लिहून घेतलं. मूळ नकाशात किती दरवाजे होते, नंतर किती उरले, आणि बदलावर आपली सही आहे, ती करायला नको होती. धाप लागत होती, वाक्यावाक्याला थांबत होता. खाली सही केली, बराच वेळ तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ही जमली." विना ऑर्डर शटर उघडलं म्हणून यूसुफभाईंना कामावरून काढलं होतं. ते आम्ही त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही. ते स्वतः त्याला भेटायला आले, तेव्हा त्यांनीही सांगितलं नाही.

पत्र मी स्टेडियमच्या कचेरीत हातानं दिलं. शिक्का मारून पोच मिळाली. उत्तर अजून नाही.

गेल्या रविवारी शाळांच्या स्पर्धेची फायनल होती. मी गेले. वाटेत कोलार रोडभर पुढच्या महिन्यात याच मैदानावर होणाऱ्या एका बाबांच्या कथेचे फलक लागले आहेत, तीन दिवस, प्रवेश सर्वांना खुला. पूर्वेच्या जिन्याखाली नवा गार्ड खुर्ची टाकून बसला होता. शटर छातीइतकं खाली होतं. पुरं वर कर, असं मी त्याला सांगितलं, विनवलं, दादाचं नावही सांगितलं. "अम्माजी, पूरा खोलने का ऑर्डर नहीं है," तो सभ्यपणे म्हणाला, आणि मला बसायला स्वतःची खुर्ची दिली. मग मॅच संपल्याची शिटी झाली. जिन्यात पावलं वाजायला लागली. त्या दिवशी माणसं थोडीच होती, आईबाप आणि शाळकरी मुलं. एकेक जण शटरखालून मान वाकवून, हसत, बोलत बाहेर पडत होता. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.