कलावतीबाईंची कॉफी

शहाड स्टेशनजवळच्या त्या इमारतीत पेडणेकरांचं घर कॉफी पिणारं म्हणून ओळखलं जायचं. माणसं मूळची मालवणकडची, कलावतीबाईंचे यजमान हयात होते तोवर धाग्याच्या कंपनीत फिटर. अशा घरात कॉफी शिरायला काही कारण नव्हतं. शेजारच्या ठमाबाई याला शिष्टपणा समजत. "आमच्याकडे आपला साधा चहाच असतो हो," हे त्या वाटीभर साखर मागायला आल्या तरी सांगून जात.

कारण होतं, पण ते ठमाबाईंना सांगण्यासारखं नव्हतं. कलावतीबाईंचा मुलगा विनीत तेविसाव्या वर्षी घरचं जेवण सोडून बसला. जेवणात कोणीतरी काहीतरी कालवतं, असं त्याचं म्हणणं होतं. हे त्याला भिंतीपलीकडची माणसं सांगत. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया असं नाव सांगून गोळ्या दिल्या. गोळ्या मोरीत गेल्या. मग दुसऱ्या एका डॉक्टरांनी थेंबांची बाटली दिली: रंग नाही, वास नाही, चव नाही. "फक्त चहात घालू नका, चहाशी याचं पटत नाही. कॉफीत चालेल." कलावतीबाईंनी तीस वर्षं प्रसूतिगृहात आया म्हणून काम केलेलं. तोंड फिरवणाऱ्याच्या पोटात थेंब कसे घालायचे, हे त्यांना शिकवावं लागलं नाही.

अशा रीतीने, आपल्या खाण्यापिण्यात काहीतरी कालवलं जातं या भ्रमावर उपाय म्हणून विनीतच्या कॉफीत काहीतरी कालवलं जाऊ लागलं. उपाय लागू पडला. तीन महिन्यांत तो जेवायला लागला, भिंती गप्प झाल्या. श्रेय गावच्या देवीच्या कौलाला मिळालं आणि कलावतीबाईंनी ते मिळू दिलं. याला अकरा वर्षं झाली.

दोन वर्षांपूर्वी एका संस्थेने कल्याणात, बाजार समितीच्या मागे, अशा माणसांसाठी दिवसाचं केंद्र काढलं. आजार आटोक्यात आहे पण आयुष्य घरातल्या खाटेवरच चाललंय, अशांनी वेळेवर उठावं, शेअर रिक्षाने एकट्याने यावं, काम करावं, चार माणसांत बसावं, एवढंच तिथलं शिक्षण. समाजसेविका देवयानी घरी येऊन फॉर्म भरत होती तेव्हा तिने विचारलं, "औषध स्वतःचं स्वतः घेतो का?"

"घेतो की," कलावतीबाई म्हणाल्या. फॉर्मवर बरोबरची खूण झाली.

विनीतला केंद्रातलं चहाचं काम मिळालं. दोन वेळा चाळीस-चाळीस कप. त्याचा चहा इतका जमला की बाजारातले हमालही मागवायला लागले. कलावतीबाईंना याचा अभिमान होता. तो एका सोमवारपर्यंत टिकला. त्या दिवशी विनीत अर्धा किलो चहापूड आणि आलं घेऊन घरी आला.

"आई, उद्यापासून चहा मी करणार. तू नुसतं बसून प्यायचं."

"कॉफीत काय वाईट आहे रे?"

"अकरा वर्षं पितोय आपण. का, ते मला अजून कळलेलं नाही."

देवयानीच्या वहीत याला प्रगती म्हणतात.

मंगळवारी आमटी ढवळायच्या निमित्ताने कलावतीबाई मुठीत बाटली धरून ओट्यापाशी गेल्या. "तू हो बाहेर, मी बघतो," विनीतने डाव त्यांच्या हातातून घेतला. आपलं ताट तो स्वतःच वाढून घेऊ लागला, प्यायचं पाणी केंद्रावरून बाटलीत भरून आणू लागला. थेंबांना घरात जागाच उरली नाही.

आठव्या दिवशी त्याने चहाचा कप नाकाशी धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. चहा त्याचा त्यानेच केलेला होता.

"ठमाबाई आत आलेल्या काय?"

"नाही रे."

"भिंतीला कान लावून असतात त्या."

ठमाबाई खरोखरच असत, त्यामुळे यावरून काही ठरवता येईना. पण दुसऱ्या दिवशी, म्हणजे बुधवारी, खिडकीच्या फटींत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबलेल्या दिसल्या. अकरा वर्षांपूर्वीही सुरुवात खिडकीपासूनच झाली होती. कलावतीबाई दुपारी कल्याणला गेल्या, विनीत कपबशा धूत असताना देवयानीला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं.

देवयानीने आधी तो फॉर्म काढला. "काकू, खूण तुम्ही करायला लावलेली."

"तुझ्या फॉर्मात 'हो' आणि 'नाही' दोनच घरं होती."

"आजच सांगा त्याला. अजून तो तुमचं ऐकतोय. आणखी आठवडा गेला तर भिंतीचंच ऐकेल."

"आणि औषध टाकून दिलं तर? घरच सोडलं तर?"

"तसंही होऊ शकतं." देवयानी खोटं बोलत नसे. त्या दिवशी बोलली असती तर चाललं असतं. "मी येऊ का बरोबर?"

"नको. घातलंय मी, सांगते मीच."

साडेचारला विनीत घरी आला, चहाचं आधण ठेवलं. कलावतीबाईंनी बाटली ओट्यावर ठेवली आणि सांगून टाकलं. त्याने लेबल वाचलं. गॅस बंद केला.

"रोज?"

"गावी गेलेलो तेव्हा दोन दिवस राहिलं."

"म्हणजे मी म्हणत होतो ते खरं होतं."

"तेव्हा नव्हतं रे. नंतर झालं."

"देवीची शपथ घेतलेलीस तू. जेवणात काही नाही म्हणून."

"जेवणात नव्हतंच. कॉफीत होतं." हे बोलून झाल्यावर ते कसं ऐकू गेलं असेल, ते त्यांना कळलं.

विनीतने बाटली खिशात घातली, चपला घातल्या आणि गेला. कलावतीबाई गॅलरीत उभ्या राहिल्या. त्याला लावलेला फोन नुसता वाजत होता, उचलला जात नव्हता. इथून नदीचा पूल दहा मिनिटांवर आहे, हे त्यांना इतक्या वर्षांत कधी मोजावं लागलं नव्हतं.

"विनीत आत्ता कुठे गेला हो?" ठमाबाईंनी विचारलं.

"कामाला."

सातला देवयानीचा फोन आला. "इथे आहे, काकू. चालत आला. बुधवारचे डॉक्टर बसलेत, त्यांच्याकडून लेबलवरची ओळ न् ओळ समजावून घेतोय."

"घेणार म्हणतो?"

"थेंब नाही. गोळी घेईन म्हणतो, पाकीट स्वतः फोडून, रोज इथे सगळ्यांसमोर. आणि काकू, तुमच्या हातचं काही खाणार नाही म्हणतोय. पाणीसुद्धा."

"घरी येतोय ना?"

"येतोय. काकू, रडू नका."

"रडत नाहीये. ओटा पुसतेय. त्याला लागेल."

त्या दिवसापासून स्वयंपाकघर विनीतचं झालं. "नशीब काढलंत हो, मुलगा करून घालतो," ठमाबाई म्हणतात. महिना झाला. खिडकीतल्या घड्या अजून आहेत, पण नव्या आलेल्या नाहीत. काल त्याने कलावतीबाईंना भात-आमटी वाढली आणि डाव हातात धरून तिथेच उभा राहिला. त्यांनी घास घेतला.

"काय काय घातलंय, विचारलं नाहीस."

"मीठ सोडून सगळं घातलंयस."

तो हसला नाही. मिठाचा डबा घेऊन आला. कलावतीबाईंनी हात पुढे केला. तो हात चुकवून त्याने चिमूटभर मीठ स्वतःच त्यांच्या ताटात टाकलं आणि पुढचा घास गिळेपर्यंत बघत राहिला.